मागच्या पानावरच्या अटी

लहान कारखान्याला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं की सगळ्यात आधी बदलतो तो ऑर्डरचा कागद. तोवर फोनवर काम चाललेलं असतं: "पाचशे नग पाठवा, सोमवारी गाडी येईल." आता ई-मेलने पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, येतो. समोरच्या पानावर ड्रॉइंगचा नंबर, नगांची संख्या, दर, तारीख. मागच्या पानावर बारीक अक्षरांतल्या इंग्रजी अटी.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गाडीचे सुटे भाग सीएनसीवर करून देणाऱ्या एका कारखानदाराने मला असा पीओ दाखवला. समोरचं पान त्यांना पाठ होतं. मागचं पान आम्ही दोघांनी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. माल स्वीकारल्यापासून 90 दिवसांनी पेमेंट. माल नाकारला तर नेण्या-आणण्याचा खर्च पुरवठादाराचा. उशीर झाला तर आठवड्यागणिक कपात. वाद झाला तर लवाद खरेदीदार कंपनी नेमणार, आणि लवादाचं ठिकाण गुरुग्राम. "यावर सही कधी केलीत?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "चार वर्षं झाली असतील. सही नाही केली तर ऑर्डर नाही, साहेब. मग वाचून काय करायचं?"

वाचून काय करायचं, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. त्या पानावरच्या निदान तीन अटी कायद्यापुढे टिकत नाहीत. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट 45 दिवसांच्या पुढे ढकलणारा करार 2006 च्या एमएसएमईडी कायद्याला मान्य नाही. लवाद एकाच पक्षाने परस्पर नेमायचा, या प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालात चाप लावला. गुरुग्रामचं म्हणाल, तर त्याच एमएसएमईडी कायद्याच्या 18 व्या कलमानुसार खरेदीदार भारतात कुठेही असो, पुरवठादार जिथे आहे तिथल्या, अशा वादांसाठीच नेमलेल्या परिषदेला वाद ऐकण्याचा अधिकार आहे. करारात लवादाची अट असली तरी हा कायदा तिच्या वर राहतो, हे 2022 मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे चार वर्षं ज्या अटींच्या धाकाखाली या माणसाने व्याज मागितलं नाही, त्या अटी मुळातच पोकळ होत्या. कायदा त्यांच्या बाजूने होता, पण तो वाचून सांगणारं माणूस त्यांच्याकडे नव्हतं.

धंदा वाढतो तसा कायद्याचा खर्च वाढतो, हे सगळे मान्य करतात. तो वकिलाच्या फीपासून सुरू होतो, असं मात्र मला वाटत नाही. तो न वाचलेल्या कागदापासून सुरू होतो, आणि वकिलाकडे जाईपर्यंत त्यातला मोठा भाग खर्च होऊन गेलेला असतो. भोसरी, शिरोली, वाळूज, सातपूर, इचलकरंजी, कुठल्याही वसाहतीत उद्योजकाला त्याची सगळ्यात मोठी कायदेशीर अडचण विचारा. खटला असं उत्तर क्वचित येईल. उत्तर येतं ते 'पेमेंट लटकलंय' असं.

म्हणून लटकलेल्या पेमेंटचा हिशेब आधी मांडतो. दहा लाखांचं बिल आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे एक लाख 80 हजार. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेच्या आत हा कर भरायचा असतो, पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत. कच्च्या मालाचे पैसे आधीच गेलेले. पगार दर महिन्याला. ही तूट भरून काढायला बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, वापरायची आणि तिचं व्याज द्यायचं. म्हणजे लहान कारखानदार मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो, आणि ते देण्यासाठी स्वतः व्याजाने पैसे आणतो.

हे दुखणं सरकारला ठाऊक नाही असं नाही. लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांवर व्याज देणं बंधनकारक करणारा एक कायदा 1993 मध्येच आला होता. त्याची जागा 2006 च्या कायद्याने घेतली, आणि हा कायदा कागदावर तरी फार कडक आहे. पेमेंटच्या मुदतीचा लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, करार असेल तरी 45 दिवसांच्या आत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक दर साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. दहा लाख रुपये मुदतीनंतर एक वर्ष थकले तर व्याजच एक लाख 78 हजारांच्या घरात जातं. खरेदीदाराला हे व्याज प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. परिषदेचा निकाल विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचं असेल, तर निकालातल्या रकमेचा 75 टक्के भाग आधी न्यायालयात भरावा लागतो. वर्षानुवर्षं अपिलात पैसे अडकवण्याची सवय मोडायला ही एक तरतूद पुरेशी आहे.

पण इतका हक्क हातात असून तो बजावायला माणसं कचरतात, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, त्याच्याच ऑर्डरवर कारखाना चालतो. कारखान्याचं निम्मं उत्पादन एकाच गिऱ्हाईकाला जात असेल तर परिषदेकडे गेलेला अर्ज व्हेंडर रेटिंगवर कसा उमटेल, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नसतं. पुण्यात व्यापारी वाद चालवणाऱ्या एका वकील बाईंनी मला सांगितलं, "माझ्याकडे येणारे बहुतेक जण त्या पार्टीचं काम सुटल्यावर येतात. तोवर दोन-अडीच वर्षं गेलेली असतात, आणि कागद निम्मे सापडत नाहीत."

कागदांची ही गोष्ट मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण हक्क वापरता येतो की नाही हे शेवटी तिथेच ठरतं. कायद्यातली 45 दिवसांची गणना माल स्वीकारल्याच्या दिवसापासून होते. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. म्हणजे माल पोचल्याच्या चलनावर तारीख, सही आणि शिक्का असेल तर सहा महिन्यांनी "तुमच्या मालात रिजेक्शन होतं" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला उत्तर देता येतं. आणि नेमकं हेच चलन सर्वांत बेफिकिरीने हाताळलं जातं. ड्रायव्हरच्या खिशात राहतं, पावसात भिजतं, सिक्युरिटीवाल्याच्या वाचता न येणाऱ्या सहीसह परत येतं. डेबिट नोटचंही तसंच. गिऱ्हाईकाने कपातीची डेबिट नोट पाठवली आणि आपण काहीच बोललो नाही, तर पुढे ती मान्य केल्यासारखी दिसते. "ही कपात आम्हाला मान्य नाही" एवढी एका ओळीची ई-मेल त्याच आठवड्यात गेली, तर तिची किंमत पुढे वकिलाच्या दहा पानी नोटिशीपेक्षा जास्त असते.

दुसरा कागद मार्चअखेरचा. थकलेल्या रकमेसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची. त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने लेखी, सही करून देणं मान्य केलं की मुदत तिथून नव्याने मोजली जाते. दरवर्षी सीएच्या ऑफिसातून पार्ट्यांना जाणारं खातेउताऱ्याचं पत्र, ज्याला सगळे बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात, ते सही होऊन परत आलं तर हेच काम करतं. बहुतेक ठिकाणी ते ऑडिटची औपचारिकता म्हणून जातं आणि उत्तर आलं की नाही हे कुणी पाहत नाही. पाडव्याला वह्यांची पूजा करणाऱ्या आपल्या धंदेवाल्यांना वहीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिच्यातला आकडा समोरच्याच्या सहीनिशी मान्य करून घेण्याची रीत मात्र अजून पुरती रुजलेली नाही.

आता पार्टीशी संबंध न बिघडवता काय करता येतं? हा प्रश्न मी अनेकांना विचारला. सगळ्यांत व्यवहारी उत्तर एका सीएंनी दिलं: "भांडण मालकाने करायचंच नाही, कायद्याने करू द्यायचं." त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा. बिलावर, ई-मेलच्या खाली, पीओच्या उत्तरात उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक छापायचा. तो दिसला की गिऱ्हाईकाच्या अकाउंट्स विभागाला आपोआप काही बंधनं लागू होतात. कंपनी असेल तर 45 दिवसांवरच्या थकबाकीचं विवरण दर सहा महिन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाला द्यावं लागतं, 2019 पासून. ताळेबंदात अशी थकबाकी वेगळी दाखवावी लागते. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या 43ब कलमात नवी तरतूद घातली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही तर जीएसटीचं घेतलेलं क्रेडिटही खरेदीदाराला व्याजासह परत करावं लागतं. पुरवठादाराने आवाज न चढवता हे सगळं घडतं.

यातल्या 43ब च्या तरतुदीला दुसरी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. 2024 च्या मार्चअखेरीस कापडबाजारात तिने खळबळ उडवली. खरेदीदार माल परत पाठवतात, नोंदणी नसलेल्यांकडून घेतो म्हणतात, अशा तक्रारी आल्या. काहींनी गिऱ्हाईक टिकवण्यासाठी आपलीच नोंदणी रद्द करायचा विचार केला. संरक्षणच ओझं होण्याची ही वेळ लहान माणसावर येते, कारण बाजारात त्याची ताकद कमी असते आणि कायदा ती ताकद एका रात्रीत देऊ शकत नाही. तरीही नोंदणी रद्द करणं मला आत्मघातकी वाटतं. एका मोसमाच्या ऑर्डरसाठी कायमचा हक्क सोडायचा, आणि पुढच्या मोसमात तेच गिऱ्हाईक आणखी काही सोडायला सांगणार.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. उद्यम नोंदणी घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही 2021 पासून मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्याला नाही. मध्यम उद्योगालाही नाही. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या: लघु म्हणजे आता यंत्रसामग्रीत 25 कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 100 कोटींपर्यंत उलाढाल. या रेषेच्या वर गेलात की 45 दिवसांचं कवच उतरतं आणि गिऱ्हाईकाशी करार स्वतःच्या बळावर करावा लागतो. वाढीचा आनंद साजरा करताना ही रेषा ओलांडल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी.

पेमेंटपेक्षा घरच्या भांडणाने जास्त कारखाने बसवले असतील, असं कोल्हापूरकडचे लोक सांगतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये, मशिनशॉपमध्ये भावाभावांच्या भागीदाऱ्या पुष्कळ. एक भाऊ भट्टी सांभाळतो, दुसरा मार्केटिंग. भागीदारीपत्र स्टॅम्पपेपरवर केव्हातरी झालेलं असतं, बहुधा बँकेने मागितलं म्हणून, आणि बँकेच्या फायलीतच राहतं. 1932 च्या भागीदारी कायद्याचं 69 वं कलम त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. फर्म निबंधकाकडे नोंदलेली नसेल, तर करारावरून गिऱ्हाईकाविरुद्ध दावाच लावता येत नाही. माल गेला, चलन आहे, कन्फर्मेशन आहे, आणि न्यायालय म्हणतं, तुमची फर्म नोंदणीकृत नाही. नोंदणीचा खर्च एका दिवसाच्या डिझेलहून जास्त नसतो.

मृत्यूचा प्रश्न तर कुणी बोलतच नाही, आणि मला यात सगळ्यांत जास्त काळजी वाटते. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर भागीदार गेला की भागीदारी संपते. दोनच भागीदार असतील तर करारात काहीही लिहा, ती संपतेच, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही. थोरला भाऊ हृदयविकाराने जातो. बाराव्यापर्यंत कुणी कागदांना हात लावत नाही, आणि तेराव्या दिवशी कळतं की फर्मच्या खात्यावरचे व्यवहार अडले आहेत, पॅन बदलणार आहे, नव्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी लागणार आहे, जुन्या नोंदणीवरचं क्रेडिट वेगळा फॉर्म भरून वळवायचं आहे, आणि शेड एमआयडीसीच्या प्लॉटवर असेल तर भागीदारांतल्या बदलाला महामंडळाची परवानगी घ्यायची आहे. त्यात वहिनीचा आणि पुतण्याचा वाटा किती, हे कुठे लिहिलेलंच नाही. यंत्रांची किंमत कशी लावायची, नावाची किंमत धरायची की नाही, पैसे किती हप्त्यांत द्यायचे, यावर घर फुटतं. दोघे भाऊ हयात आणि बोलत असताना भागीदारीपत्रात चार परिच्छेद जास्त घातले, तर हे सगळं टळतं: एकजण गेला तर वाटा कसा मोजायचा, कुणी विकत घ्यायचा, किती वर्षांत फेडायचा, आणि तिसरा भागीदार म्हणून कोण आधीपासून आत असेल. चांगला वकील हे काम दोन बैठकांत करतो. कठीण असतात त्या दोन बैठका, कारण भावाच्या मरणाबद्दल भावासमोर बोलायचं असतं.

इथे प्रायव्हेट लिमिटेड करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो. कंपनी केल्याने फर्म मरणाने संपत नाही, हे खरं. पण "आपली जबाबदारी मर्यादित झाली" हे समाधान बँकेच्या पहिल्या कर्जालाच संपतं, कारण संचालकांची वैयक्तिक हमी बँक घेतेच. शिवाय वार्षिक विवरणपत्रं, ऑडिट, बैठकांची इतिवृत्तं हे सगळं दरवर्षी, उलाढाल असो वा नसो. मधला मार्ग म्हणून 2008 च्या कायद्याने आलेली एलएलपी आहे. यापैकी काय घ्यायचं हे दर्जा म्हणून ठरवू नये. पुढच्या पाच वर्षांत बाहेरचा पैसा आत येणार आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.

माणसं वाढली की कायद्याच्या पायऱ्या येतात, आणि त्या आकड्यांनी बांधलेल्या आहेत. दहावा माणूस आला की ईएसआय, ग्रॅच्युइटी, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती. समिती नसेल तर 50 हजारांपर्यंत दंड. विसावा माणूस आला की भविष्य निर्वाह निधी. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांना 2017 च्या कायद्याने वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना देऊन चालतं, त्यापुढे नोंदणी. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. नियुक्तीपत्र आता प्रत्येकाला द्यायचं, ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या कामगाराला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क, आणि पगाराचे तुकडे पाडून मूळ वेतन लहान दाखवण्याला आळा.

या पायऱ्या टाळण्यासाठी आपल्याकडे एक जुनी रीत आहे. माणसं एकोणीसच ठेवायची. विसावा घ्यायचा झाला की शेजारच्या गाळ्यात पत्नीच्या नावाने दुसरी फर्म. पीएफचं काम पाहणारे एक सल्लागार म्हणाले, "यंत्रं एक, मीटर एक, सुपरवायझर एक, आणि फर्म दोन. इन्स्पेक्टरला हे कळायला अर्धा तास लागत नाही." दोन्ही एकच आस्थापना ठरली की मागच्या वर्षांची दोन्ही बाजूंची वर्गणी व्याज आणि दंडासह मालकाच्या खिशातून जाते, कारण जुन्या कामगारांच्या पगारातून ती आता कापता येत नाही.

मला यात पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचते. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के. 18 हजार पगाराच्या माणसामागे महिन्याला 585 रुपये. हे पैसे वाचवणाऱ्या प्रेसशॉपमध्ये एखाद्याचा हात पॉवर प्रेसखाली गेला तर उपचार कोण करणार? पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातल्या प्रेसशॉपांत तुटलेली बोटं ही ऐकीव गोष्ट नाही. विमा नसेल तर जबाबदारी थेट मालकावर येते, आधी 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने येत होती, आता त्याची जागा घेणाऱ्या संहितेने. पस्तीस वर्षांचा, 15 हजार किंवा त्याहून जास्त पगाराचा कामगार कामावर दगावला, तर 1923 च्या कायद्याच्या सूत्राने भरपाई सुमारे 14 लाख 78 हजार रुपये होत असे. सात यंत्रांच्या कारखान्याला ही रक्कम बुडवू शकते, आणि मालक बुडाला तर त्या कामगाराच्या घरच्यांना काहीच मिळत नाही. 585 रुपयांत दोन्ही घरं वाचतात. कायद्याच्या खर्चाच्या यादीत याला मी पहिल्या क्रमांकावर ठेवेन, पीओ आणि करारांच्याही आधी.

आपल्या मालाच्या नावाचा प्रश्न छोटा वाटतो. घरगुती मसाले, पापड, कुर्डया यांतून सुरू झालेले महिलांचे व्यवसाय एखाद्या प्रदर्शनात नाव कमावतात, पाकीट सुंदर होतं, आणि दोन वर्षांनी तशाच नावाचं, तशाच रंगाचं पाकीट शेजारच्या जिल्ह्यात दिसतं. ट्रेडमार्कचा अर्ज व्यक्ती किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन केला तर एका वर्गासाठी शासकीय फी साडेचार हजार, इतरांना नऊ हजार. नोंदणी दहा वर्षांची. नाव आधी वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, पण आधी वापरलं हे दाखवायला तारखेची बिलं, छापखान्याचं बिल, प्रदर्शनाची पावती लागते. पुन्हा कागदच. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे 2011 च्या वजनमापे नियमांनी सक्तीचं आहे. यातलं एखादं राहिलं म्हणून दुकानातून माल उचलला गेल्याचं दुःख त्या घरात मोठं असतं.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तारखांचा अनुभव असलेल्या समाजाने ती घडवली आहे, आणि कोर्टाबद्दल ती बरीचशी खरी आहे. पण आपण तिचा अर्थ वाढवून ठेवला: वकिलाच्या ऑफिसची पायरीही चढायची नाही. परिणाम असा की मराठी धंदेवाला वकिलाकडे जातो तो नोटीस आल्यावर, म्हणजे वकिलाची सगळ्यांत महाग सेवा घेण्यासाठी. करार वाचून देणं, अट बदलून लिहून देणं, भागीदारीपत्र सुधारून देणं, ही त्याची स्वस्त आणि जास्त उपयोगाची कामं. ती कुणी मागतच नाही, म्हणून वकीलही ती देऊ करत नाहीत.

फीबद्दल विचारायला लोक संकोचतात. तसं नको. काम हाती घेण्याआधी फी लेखी ठरवून घ्यावी: नोटिशीचे किती, दावा तयार करण्याचे किती, प्रत्येक तारखेचे किती, तारीख नुसतीच पुढे गेली तर किती. "वसुलीतला हिस्सा देतो, आधी काही देत नाही" असा सौदा वकिलाशी करता येत नाही, बार कौन्सिलचे नियम त्याला मनाई करतात. आणि असा सौदा करायला तयार होणाऱ्यापासून लांब राहावं. वर्षभराचं ठोक मानधन ठरवायचं झालं तर त्यात काय काय येतं याची यादी मागावी. धंद्याची कायद्याची कामं सीए, पीएफवाला सल्लागार, फूड लायसन्सचा एजंट आणि वकील अशा चौघांत वाटलेली असतात, आणि चौघांपैकी कुणालाही पूर्ण चित्र दिसत नाही. वर्षातून एकदा या चौघांना एका टेबलाशी बसवणाऱ्या एका नाशिकच्या उद्योजिकेला मी भेटलो. चहा, नाश्ता आणि दोन तासांची फी एवढा तिचा खर्च. पहिल्याच बैठकीत कळलं की जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार संपून पाच महिने झाले होते आणि फूड लायसन्स त्याच पत्त्यावर होतं.

नोटीस आलीच, किंवा द्यायची झालीच, तर कोर्टाची पायरी टाळण्याची ती म्हण पाळण्याचा आता एक रस्ता आहे. तीन लाखांपासून पुढच्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की ही पायरी वगळून दाखल केलेला दावा फेटाळला जाईल. दहा ते पन्नास लाखांच्या वादासाठी मध्यस्थीची फी 30 हजार, दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. तिथे झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं. अनेक वकील ही पायरी उरकायची म्हणून उरकतात. मालकाने स्वतः बसावं. समोर गिऱ्हाईकाचा पर्चेसवाला बसण्याऐवजी निर्णय घेणारा माणूस बसला, तर दोन वर्षं न आलेलं पेमेंट हप्त्यांत का होईना सुटतं, आणि धंद्याचा संबंधही टिकू शकतो.

चेकचं प्रकरण असेल तर मुदती पाठच हव्यात. चेक परत आल्याची खबर मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर देणेकऱ्याला 15 दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. "पुढच्या आठवड्यात नक्की करतो" या फोनवर विश्वास ठेवून हे 30 दिवस गेले की सगळ्यांत धारदार हत्यार बोथट होतं. नोटीस देऊन ठेवावी आणि बोलणी चालू ठेवावीत. नोटीस दिल्याने बोलणी थांबत नाहीत.

उद्यम नोंदणीच्या तारखेचा एक प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. माल दिला त्या वेळी नोंदणी नव्हती, नंतर केली, तर आधीच्या बिलांना एमएसएमईडी कायद्याचा फायदा मिळतो का? 2021 च्या सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालाने नाही म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये एनबीसीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी कायद्याचा वेगळा अर्थ लावला आणि मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या पीठापुढे जाण्याची वेळ आपल्यावर न येऊ देणं लहान उद्योजकाच्या हातात आहे. नोंदणीला शासनाची फी शून्य, आधार आणि पॅन जवळ असले तर मोबाइलवरही होते, आणि पहिला पीओ स्वीकारण्याच्या आधी करता येते. भोसरीच्या त्या कारखानदारांची नोंदणी होतीच, 2020 पासून. तिचा क्रमांक त्यांच्या एकाही बिलावर छापलेला नव्हता. आता तो छापायला दिला आहे, आणि मागच्या तीन वर्षांची चलनं लावून काढायला एक मुलगी कामाला ठेवली आहे.